जागच्या जागी वळणारं यंत्र

गवत कापायचं यंत्र निवडण्याची अक्कल माझ्यात आहे असं आमच्या प्राचार्यांना का वाटलं, हे मला आजतागायत कळलेलं नाही. मी चित्रकला शिकवायचो. नगरच्या बाहेर, नागापूरच्या अंगाला, मास्तर घडवणारी एक संस्था होती आणि तिथे होऊ घातलेल्या मास्तरांना फळ्यावर खडूने सरळ रेघ कशी ओढावी हे दाखवणं एवढंच माझं काम होतं. यंत्राशी माझा संबंध म्हणजे सायकलची साखळी पडली की ती बसवायची आणि काळे हात घेऊन घरी यायचं. पण कुणालाच नको असलेलं काम, ज्याला कुणी विचारत नाही त्याच्या गळ्यात मारायची आमच्याकडे पद्धत होती. ते माझ्या गळ्यात पडलं आणि खरं सांगायचं तर मला त्याचा आनंद झाला. या सगळ्यात मला सर्वांत जास्त लाज वाटते ती त्या आनंदाची.

संस्थेचं आवार मोठं होतं. मधे दोन मजली इमारत, बाजूला बैठी वसतिगृहं, मागे आम्हा शिक्षकांच्या खोल्या आणि बाकी सगळी मोकळी जमीन. पावसाळ्यात त्या जमिनीवर मारवेल आणि पवन्या जातीचं गवत कमरेएवढं वाढायचं. कुणी पेरत नव्हतं, कुणी पाणी घालत नव्हतं. दसरा झाला की शेजारच्या वस्तीतल्या बाया विळे घेऊन यायच्या, ओळीने बसून चार-पाच दिवसांत सगळं आवार कापून काढायच्या. निम्मं गवत त्यांचं, निम्मं संस्थेचं. हे कागदावर कुठेही नव्हतं आणि त्यावरून कधी भांडण झालेलंही कुणाला आठवत नव्हतं.

संस्थेच्या वाट्याचं गवत स्वयंपाकघराच्या मागे गंजी करून रचलं जायचं. पूर्वी संस्थेची पाण्याची बैलगाडी होती, तिच्या बैलांसाठी ते लागायचं. पुढे नळ आला, बैल गेले, गंजी तेवढी राहिली. उन्हाळा कडक निघून बायांचं गवत संपलं की त्या यायच्या, गंजीतून भारा न्यायच्या आणि पुढच्या दसऱ्याला तेवढं कापून परत रचायच्या. दोन-दोन वर्षांचं जुनं गवत त्या गंजीत असे. वरून काळं पडलेलं, पण आत हात घातला की पिवळंधमक आणि सुवासिक.

या बायांची म्होरकी एक मावशी होती. माझी कुणी नव्हे, सगळं आवारच तिला मावशी म्हणायचं. नवरा नव्हता, एक मुलगी होती ती लांब पारनेराकडे दिलेली. घरात ती आणि एक तांबडी गाय, जिचं एक शिंग खाली वळलेलं होतं. आमच्या घरी दूध त्याच गायीचं. एका वर्षी वसतिगृहाने मावशीची कालवड विकत घेतली. मावशीने कालवड आणली, संस्थेचं नवं दावं मागून तिच्या गळ्यात बांधलं आणि आपलं जुनं झिजलेलं दावं सोडून खांद्यावर टाकलं.

मी चेष्टेने म्हणालो, "मावशी, एवढी कालवड दिलीत आणि हातभर दाव्याचा लोभ सुटत नाही?"

"मास्तर, जनावर जातं. दावं द्यायचं नस्तं," ती म्हणाली. "घरात दावं आसलं म्हंजी उद्या पुन्ना कायतरी बांदता येतं. ज्यानं दावं सोडलं त्याच्या दारात परत जनावर उभं ऱ्हात न्हाई."

मी हसलो. मला त्या वयात बऱ्याच गोष्टींचं हसू यायचं.

एकाहत्तर साली नवे प्राचार्य आले. माणूस वाईट नव्हता, आणि त्यांच्यावर सगळं ढकलून मोकळं व्हायची माझी इच्छाही नाही. त्यांनी मोठ्या शहरातल्या संस्था पाहिल्या होत्या. तिथे इमारतीपुढे हिरवळ असते, जाजम अंथरल्यासारखी. आमच्याकडे पाहुणे कमरेएवढ्या गवतातून वाट काढत यायचे आणि आदल्या वर्षी वसतिगृहाच्या पायरीवर नाग निघाला होता. "आवार स्वच्छ दिसलं पाहिजे," ते म्हणाले. "यंत्र घेऊ. पण इथे झाडं फार, दगड फार. कुठलं चालेल ते तुम्ही पाहून सांगा. तुमची नजर चांगली आहे."

माझी नजर! गड्या, एवढ्या एका शब्दावर माणूस विकला जातो.

मी कामाला लागलो तो एखाद्या धरणाचा आराखडा करावा अशा थाटात. आधी आवाराचा नकाशा काढला. चांगल्या जाड कागदावर, शाई वापरून. मग टेप घेऊन आवारभर हिंडलो आणि यंत्राच्या आड येईल अशा प्रत्येक वस्तूभोवती तांबड्या पेन्सिलीने वर्तुळ काढून नंबर टाकला. लिंबाची झाडं, चिंचा, विहिरीचा कठडा, झेंड्याचा खांब, विजेच्या खांबाची ताणाची तार, सिमेंटची बाकं, वर आलेले खडक, कुणाची तरी जुनी दगडी समाधी. सत्तेचाळीस अडथळे भरले. एकतिसावा नंबर गंजीचा होता. गंजीभोवती वर्तुळ काढताना माझा हात जरासुद्धा अडखळला नाही, उलट ते वर्तुळ फार सुरेख गोल आलं म्हणून मी खूश झालो.

घरी नकाशा भिंतीला लावला. बायकोने पदराला हात पुसत तो पाहिला.

"अहो, आणि कापलेलं गवत कुठं जातं?"

"खाली पडतं. बारीक होऊन."

"मग?"

"मग काय मग? पडतं आणि कुजतं."

"बरं," ती म्हणाली. "सत्तेचाळीस वस्तू दिसल्या तुम्हाला. मावशीची गाय तेवढी दिसली नाही."

"गाय आवारात थोडीच उभी असते?" मी म्हणालो. हे उत्तर मला तेव्हा बिनतोड वाटलं होतं.

यंत्रं तीन पाहिली. पहिलं बाजारपेठेतल्या दुकानात, हाताने ढकलायचं. गवतात दोन हात आत गेलं की ते घोरायला लागायचं आणि थांबायचं. दुसरं कॅम्पातल्या एका बंगल्याच्या बागेत पाहिलं, बैलाने ओढायचं. बैलाच्या खुरांनी हिरवळीवर खड्डे पडू नयेत म्हणून त्याच्या चारी पायांत चामड्याचे बूट घातले होते. बूट घातलेला बैल मी जन्मात पहिल्यांदाच पाहिला. बिचारा पाय उचलून उचलून टाकत होता, नवी वहाण चावल्यावर माणूस चालतो तसा. काम छान होत होतं, पण वळायला त्याला सगळं अंगण लागायचं. आमच्या लिंबांच्या गर्दीत तो पाचव्या मिनिटाला अडकला असता.

तिसरं यंत्र नागापूरच्या एका वर्कशॉपमध्ये होतं. तिथे तेव्हा नव्या कारखान्यांच्या शेड उभ्या राहत होत्या आणि पत्र्याच्या आडोशाला कुणी ना कुणी काहीतरी ठोकत असायचं. या कारागिराने लष्कराच्या लिलावातलं एक इंजिन घेऊन, दोन चाकं आणि खाली गरगर फिरणारं पातं लावून स्वतःच्या डोक्याने यंत्र बनवलं होतं. पेट्रोलवर चालायचं. मागून माणसाने दोन दांडे धरून चालायचं आणि प्रत्येक दांड्याला एक पकड. डावी पकड दाबली की डावं चाक थांबायचं, उजवं फिरत राहायचं आणि यंत्र जागच्या जागी गर्रकन वळायचं.

"ताटात ठेवा साहेब, ताटात वळंल," कारागीर म्हणाला. त्याने चार तेलाचे पिंप जवळजवळ मांडले आणि यंत्र त्यांच्यामधून आठाच्या आकड्यासारखं फिरवून दाखवलं. पिंपाला ओरखडा नाही. मग त्याने दांडे माझ्या हातात दिले.

ते यंत्र माझ्या हाताखाली वळलं तेव्हा मला जे वाटलं ते कबूल करायला हवं. मी तेव्हा पस्तिशीचा होतो, बदली नाही, बढती नाही, वर्षानुवर्षं तीच सुरई आणि तेच पेरू काढून घेत होतो. आणि इथे एक एवढं मोठं धूड माझ्या एका बोटाने फिरत होतं. मी पिंपांभोवती नऊ-दहा वेळा फिरलो. कारागीर शेवटी म्हणाला, "साहेब, पेट्रोल संपंल."

यंत्राची खरेदी ठरवणाऱ्या समितीची बैठक व्हायच्या आदल्या दिवशी दुपारी मावशी घरी आली. ओट्यावर बसली, पाणी प्यायली. कुणीतरी तिच्या कानावर घातलं होतं.

"मास्तर, मशीन येणार म्हनत्यात. व्हय?"

"हो. चांगलं आहे. झाडाला धक्का न लावता कापतं."

"चांगलंच आसंल. तुमी बगितलंय म्हंजी चांगलंच आसंल." थोडा वेळ तिने पेला हातात फिरवला. "येवडंच म्हनायचं हुतं, पुढची बाजू कापा, पावनं येत्यात. मागची, हिरीच्या पल्याडची पट्टी ठिवा आमाला. आन् गंजी हाय तिथं आसू द्या. ती कुनाच्या आड येत न्हाई."

"बघू," मी म्हणालो.

"बघू न्हाई मास्तर. तुमी लिवून द्या. तुमचं लिवलेलं ऐकत्यात."

"लिहितो," मी म्हणालो.

आणि मी लिहिलं नाही. विसरलो असं म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं, पण मी विसरलो नव्हतो. अहवाल लिहिताना विहिरीपलीकडची पट्टी आठवली होती. पण पट्टी सोडली तर नकाशातले अकरा अडथळे निकालात निघत होते आणि मग एवढं वळणारं यंत्र कशाला, असा प्रश्न कुणीतरी काढला असता. माझं यंत्र हातचं गेलं असतं. म्हणून मी लिहिलं की सर्व आवार एकसारखे कापणे इष्ट, आणि क्रमांक एकतीस हा अडथळा हलवण्याजोगा असल्याने तो हलवावा. अक्षर नेहमीसारखंच वळणदार.

यंत्र आलं. गंजी एका ठेकेदाराला दिली, त्याने ट्रक लावून एका दिवसात सगळी नेली, विटांच्या भट्टीकडे की आणखी कुठे कुणी विचारलं नाही. त्या साली पाऊस बेताचाच होता, पण गवत आलं आणि जसं आलं तसं आम्ही ते कापत गेलो. दर आठ दिवसांनी. शिपायाला यंत्र जमेना तेव्हा मीच तास संपवून दांडे धरायचो. लिंबाभोवती गर्रकन, समाधीभोवती गर्रकन. होऊ घातलेले मास्तर व्हरांड्यात उभे राहून बघायचे. पातं गवताचा भुगा करायचं, तो भुगा झाडून आम्ही मागच्या खड्ड्यात टाकायचो आणि तो दोन दिवसांत तापून, काळा होऊन वास मारायचा. हिरवळ मात्र झाली. प्राचार्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला.

दसऱ्यानंतर चौथ्या दिवशी बाया आल्या. दरवर्षीसारख्याच, विळे कमरेला, डोक्याला फडकी, कुणाच्या हातात भाकरीचं गठुडं. त्यांना कुणी काही सांगितलंच नव्हतं. सांगायचं कुणी? ते काम खरं तर माझंच होतं. त्या फाटकाच्या आत आल्या आणि उभ्या राहिल्या. समोर बोटभर उंचीचं आवार. एकीने वाकून विळा लावून बघितला, विळ्यात काही येईना. मावशी सरळ मागच्या खड्ड्याशी गेली, मूठभर भुगा उचलला, नाकाशी धरला आणि टाकून दिला.

"घासलेटाचा का कशाचा वास येतूया," ती म्हणाली. "जनावर तोंड लावायचं न्हाई."

माझ्याकडे तिने पाहिलं, पण लिहिलंत का म्हणून विचारलं नाही. विचारलं असतं तर मी थाप मारली असती, ती तयारच होती. ती बायांना घेऊन परत गेली. दूध दुसऱ्या दिवशीही वेळेवर आलं आणि ते मला गेलं नाही.

मग बहात्तर साल उजाडलं. त्या वर्षाबद्दल आमच्या जिल्ह्यातल्या माणसाला काही सांगावं लागत नाही. मृग कोरडा गेला, आर्द्रा कोरड्या गेल्या, पोळा आला तरी जमिनीला हिरवा रंग नाही. आवारातली हिरवळ पहिल्याच महिन्यात जळून गेली आणि तिच्याखालून जुनाच मुरूम वर आला. यंत्र मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये ठेवून दिलं. कडबा आधी महाग झाला आणि मग दिसेनासाच झाला. वस्तीतल्या बाया खडी फोडायच्या कामावर जायला लागल्या. मावशीही जायची. अशा वेळी स्वयंपाकघरामागची ती रिकामी जागा ओलांडताना मी मनात गवत मोजायचो. दोन वर्षांचं जुनं गवत तिथे होतं. आणि मागच्या साली कापलं असतं ते नवं. मी रोज त्या जागेवरून जायचो, दुसरी वाट होती तरी.

दिवाळीनंतर एका सकाळी मावशी गाय घेऊनच दारात आली. गायीची हाडं निघाली होती. वळलेलं शिंग आता डोक्यापेक्षा मोठं दिसत होतं.

"मास्तर, लोक जनावरास्नी कुंकू लावून सोडून द्याया लागल्यात. माज्यानं हुईना," ती म्हणाली. "सरकारी गुरांची छावनी निगंल म्हनत्यात, कवा निगंल देव जाने. मी दिसभर खडीवर. हिला कोन बगनार? तुमची जागा हाय, झाडं हायती. तवर ठिवा." मग दावं माझ्या हातात देताना म्हणाली, "मी गाय दिली न्हाई. ठिवलीया. दावं माजं हाय, ध्येनात ऱ्हाऊ द्या."

"तुमचंच आहे," मी म्हणालो.

सावली फक्त त्या शेडला होती, म्हणून गाय शेडमध्ये यंत्राशेजारी बांधली. आणि मग मी वाटेल ते केलं. लिंबाच्या फांद्या तोडल्या, चिंचेचा पाला ओरबाडला. ज्या झाडांना यंत्राचा ओरखडा येऊ नये म्हणून मी टेप घेऊन हिंडलो होतो, ती मी स्वतः कोयत्याने बोडकी केली.  दर रविवारी एसटीने श्रीगोंद्याकडे जायचो, उसाचं वाढं मिळेल तेवढं गाडीच्या टपावर टाकून आणायचो. कंडक्टर मला वैरणमास्तर म्हणायचा. चारेक रविवार मिळालं. मग तिकडच्या विहिरी आटल्या आणि उसाच्याच जागी चिपाडं राहिली. बायको घरातल्या भाकरीतली भाकरी मोडून गायीपुढे ठेवायची आणि मला काहीही बोलायची नाही. ती बोलली असती तर फार बरं झालं असतं.

मावशी कामावरून आली की रोज संध्याकाळी शेडमध्ये येऊन बसायची. हाताला फडकं गुंडाळलेलं, खडीने सोललेलं. गायीच्या गळ्याखाली हात फिरवायची आणि जायची.

एका दुपारी मी शेडमध्ये गेलो तर गाय दावं ताणून, मान लांब करून यंत्राच्या खाली जीभ घालत होती. मी वाकून पाहिलं. पात्याच्या वरच्या पत्र्याला आतून गेल्या सालचा भुगा चिकटून वाळला होता, बोटभर जाड थर. आवारातलाच मारवेल. मी खुरपं आणलं, यंत्र आडवं पाडलं आणि गुडघ्यावर बसून तो थर खरवडला. दीड-दोन ओंजळी निघाला असेल. तेलाचा वास येत होता. मावशी म्हणाली होती जनावर तोंड लावायचं नाही. गायीने तो माझ्या हातातून खाल्ला, मग माझा हात चाटला, मग पत्रा चाटला. मी तिथेच बसून रडलो. मोठ्याने रडलो, बायको धावत आली इतक्या मोठ्याने.

त्यानंतर आठव्या की नवव्या दिवशी गाय बसली ती उठली नाही. छावणी निघाल्याची बातमी त्याच आठवड्यात आली. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात, आमच्याकडे तेराव्याच्या मागून मदत आली. गाय न्यायला माणसं आली तेव्हा मी तिच्या गळ्यातलं दावं सोडून घेतलं, झटकलं, नीट गुंडाळलं आणि घरात खुंटीला अडकवलं. दुसरं काही माझ्या हातात उरलंच नव्हतं, पण एवढं मी नीट सांभाळलं होतं. मावशीला ते द्यायचं, आणि देताना सगळं सांगायचं. पट्टीबद्दल मी लिहिलं नव्हतं, गंजीभोवतीचं वर्तुळ माझ्या हातचं होतं, सगळं. चार वाक्यं मनात जुळवूनही ठेवली होती.

संध्याकाळी ती आली. तिला वाटेतच कळलं होतं. शेडकडे ती गेलीच नाही, ओट्याच्या खाली उभी राहिली. मी आतून दावं आणलं आणि पुढे केलं.

"मावशी, तुमचं दावं."

तिने ते पाहिलं. हात पुढे केला नाही.

"ऱ्हाऊ द्या तुमच्याकडंच," ती म्हणाली.

एवढं बोलून ती वळली आणि फाटकाकडे चालू लागली, सावकाश, बोडक्या लिंबांमधून. जुळवलेली वाक्यं माझ्या तोंडातच राहिली. घरातून बायकोने विचारलं, "घेतलं का हो त्यांनी?" मी नाही म्हणालो आणि दावं परत खुंटीला अडकवलं.